नौका-विमान लाकडी संच: कटिंग चोख, ड्रॉइंग गाफील

सातपूरच्या एका लेझर कटिंग वर्कशॉपमध्ये तयार होणारा हा संच सध्या नाशिकच्या हॉबी दुकानांत १,८५० रुपयांना मिळतो. खोक्यात एक होडी आणि एक ग्लायडर, दोन्ही सुट्या भागांत. दिसायला खेळणं असलं तरी त्याचं काम वेगळं आहे. नावेच्या आणि विमानाच्या कुठल्या जागेला काय म्हणतात, ती जागा कुठून मोजायची आणि डावं-उजवं कुणाचं धरायचं, हे जोडता जोडता हाताखालून जावं, यासाठी तो केलाय. अंबड-सातपूरला विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत नव्याने लागलेली मुलं, आयटीआयचे विद्यार्थी, एनडीएची तयारी करणारे, असं गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवलेलं दिसतं. लाकूडकाम त्या तोडीचं आहे. ड्रॉइंग आणि पुस्तिका मात्र त्या तोडीची नाहीत. त्यातल्या चुका माहीत असतील तर संच पैसे वसूल करून देतो, माहीत नसतील तर चुकीचंच पक्कं शिकवतो. त्या चुका आणि त्यांवरचे उपाय खाली जोडणीच्या क्रमानेच दिले आहेत.

आधी खोक्यात काय आहे ते. होडी ४८० मिमी लांब, १५० मिमी रुंद. कणा आणि ९ आडव्या फ्रेमा ३ मिमी बर्च प्लायच्या, बाजू आणि तळ १.५ मिमी प्लायचे. ३ बैठका, २ वल्ही, सुकाणू आणि त्याचा दांडा. ग्लायडरचा पंखपसारा ७२० मिमी, पंख ३ मिमी बाल्साचे, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचे, धड प्लायचं. शिवाय ६४ लेबलं, ६ एलईडी, वायर, दोन पेन्सिल सेलचा डबा बसवलेला स्टँड आणि २४ पानांची पुस्तिका. गोंद, सँडपेपर आणि कटर आपले आपण आणायचे.

लेझरचं काम खरोखर देखणं आहे. खाचा अशा बसतात की गोंद न लावताही सांगाडा उभा राहतो. पण भाग पाटीतून मोडून काढू नका. जिथे बारीक दुवा सोडलेला असतो तिथे पाटी उलटी करून कटरने कापा, नाहीतर वरचा थर सालासारखा निघतो. कापलेल्या कडा काळ्या असतात. त्या जळक्या थरावर गोंद नीट धरत नाही, म्हणून जोडाच्या कडांवरून २२० नंबरचा पेपर हलकाच फिरवा. हलकाच, कारण जास्त घासलं की तीच घट्ट खाच सैल होते. पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही.

संचाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पहिलं लेबल. कुठलाही भाग चिकटवण्याआधी स्टँडवर ‘पुढे’ असा बाण लावायला सांगितलंय, आणि त्यानंतरची प्रत्येक सूचना त्या बाणाकडे तोंड करून वाचायची. सगळं इथेच ठरतं. पोर्ट म्हणजे बाणाकडे तोंड केल्यावर डावीकडची बाजू, स्टारबोर्ड उजवीकडची. बघणारा कुठेही उभा राहो, पाठ करून बसो, खाली वाकून बघो, नावेची डावी बाजू डावीच राहते. धक्क्यावर समोर उभं राहून बघणाऱ्याला पोर्ट आपल्या उजव्या हाताला दिसते, आणि नव्याने शिकणारे नेमके तिथेच घसरतात.

वल्ह्यांची जोडी हे शिकवायला फार उपयोगी. वल्हवणारा होडीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो, म्हणजे पोर्टचं वल्हं त्याच्या उजव्या हातात येतं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ज्या सिंगल स्कल्स प्रकारात उतरले, त्यात तर सुकाणू धरणारा दुसरा माणूसही नसतो; एकटा खेळाडू पाठ पुढे करून होडी हाकतो. म्हणून शर्यतीच्या वल्ह्यांवरच्या कॉलरला पोर्टला लाल आणि स्टारबोर्डला हिरवा रंग असतो. संचातल्या वल्ह्यांना तशाच रंगीत पट्ट्या दिल्यात, हे करणाऱ्याला दाद द्यायला हवी. बैठकांचे नंबरही बरोबर आहेत: १ नंबर नाळेकडचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडचा, तिथून मागे चढत जातात.

होडीची जोडणी कण्यापासून सुरू होते. कणा सपाट काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवा. घरातलं सनमायकाचं टेबल बहुधा मध्ये खोल असतं. फ्रेमा ० पासून ८ पर्यंत, ० नाळेला आणि ८ म्हणजे मागची सपाट फळी, ट्रान्सम. प्रत्येक फ्रेम गुण्या लावून काटकोनात बसवा आणि नाळेपासून ट्रान्समच्या मध्यखुणेपर्यंत दोरा ताणा. फ्रेमांवर वरच्या बाजूला कोरलेली मध्यरेषा दोऱ्याखाली आली पाहिजे. एखादी १ मिमी जरी सरकली तरी तिथल्या तिथे सोडवा, नाहीतर बाजू चिकटवल्यावर तीच चूक तिपटीने दिसते.

इथे पुस्तिकेचं पान ६ गोंधळ घालतं. त्यावर फ्रेमांचे आकार एकात एक काढलेत: मध्यरेषेच्या उजवीकडे एक जुडगा, डावीकडे दुसराच. बघणाऱ्याला वाटतं होडी एका अंगाने वाकडी आहे. तसं काही नाही. जहाजबांधणीच्या ड्रॉइंगमध्ये नावेच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे अर्धाच छेद काढायचा रिवाज आहे, आणि जागा वाचवायला उजव्या अर्ध्यात पुढच्या भागाचे छेद, डाव्या अर्ध्यात मागच्या भागाचे छेद दाखवतात. याला बॉडी प्लॅन म्हणतात. बाजूने पाहिलेलं चित्र ते शिअर प्लॅन, वरून पाहिलेलं अर्धं चित्र ते हाफ-ब्रेड्थ प्लॅन. ही तीन नावं आणि दोन ओळींचा खुलासा एवढं छापलं असतं तरी पुरलं असतं.

त्याच पानावर ‘सर्व जहाजांत फ्रेमा पुढून मोजतात’ असं ठोकून दिलंय. हे खोडून टाका. अमेरिकी नौदलात पुढून मोजतात हे खरं. पण कितीतरी व्यापारी जहाजांत शून्य फ्रेम मागे, सुकाणूच्या खांबाच्या रेषेवर असते आणि आकडे पुढे वाढत जातात. त्यामुळे ‘फ्रेम ४०’ ऐकल्यावर पहिला प्रश्न ‘कुठल्या टोकापासून?’ हाच.

बाजूच्या १.५ मिमी पाट्या नाळेशी बऱ्याच वळतात. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, कपड्यांच्या चिमट्यांनी फ्रेमांवर कोरड्याच लावा, रात्रभर तशाच वाळू द्या आणि मग गोंद लावा. एक बाजू पूर्ण चिकटवून मग दुसरीकडे वळलात तर कणा त्या बाजूला ओढला जातो आणि होडी केळ्यासारखी वाकते. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, असं आलटून पालटून पुढे सरका. पाण्यात सोडायची असेल तर नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल चालत नाही, पाण्यात मऊ पडतो. फेव्हिकॉल मरीन किंवा दोन ट्यूबची अॅराल्डाइट घ्या. आतून-बाहेरून वॉर्निशचे दोन हात हवेत. आतून विशेष करून, कारण आतली बाजूच जास्त पाणी पिते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्या पाट्या दोन दिवसांत पातेल्याच्या झाकणासारख्या फुगतात, म्हणून खोकं उघडलं की पाट्या सपाट जागी वजनाखाली ठेवा.

सुकाणूचा भाग छान जमलाय. दांडा डावीकडे ढकलला की सुकाणूचं पातं उजवीकडे वळतं आणि होडी उजवीकडे जाते. हातात धरून पाहिल्याशिवाय हे पटत नाही. जुन्या काळी जहाजांवर हुकूम या दांड्याच्या दिशेने दिले जात. १९१२ मध्ये टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’ असा हुकूम झाला आणि जहाज पोर्टकडे वळलं, ते याच पद्धतीप्रमाणे. ब्रिटनने १९३३ पासून ती पद्धत बंद केली आणि हुकूम म्हणजे जहाज ज्या बाजूला वळायचं ती बाजू, असं ठरलं. पोर्ट हा शब्दही तसा नंतरचाच: आधी त्या बाजूला लारबोर्ड म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगितलं की स्टारबोर्ड आणि लारबोर्ड एकसारखेच ऐकू येत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये लारबोर्ड बाद केला.

आता दिवे. संचाचं हे खास आकर्षण, आणि चुकाही इथेच जास्त.

जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रत्येक दिव्याचा कोन ठरलेला आहे. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. दोन्ही नेमक्या समोरच्या रेषेपासून आपापल्या बाजूला ११२.५ अंशांपर्यंत दिसले पाहिजेत, म्हणजे बरोबर आडव्या दिशेच्या २२.५ अंश मागेपर्यंत. मागचा पांढरा १३५ अंश. तिन्हींची बेरीज ३६०, म्हणजे कुठूनही पाहिलं तरी काहीतरी दिसतं. समोरून लाल आणि हिरवा दोन्ही दिसले तर नाव थेट तुमच्यावर येतेय आणि दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं. उजवीकडून आडव्या येणाऱ्या नावेचा लाल दिसला तर वाट तुम्ही द्यायची.

संचात प्रत्येक बाजूच्या दिव्यामागे एक काळी भिंत दिलीय. ती बाहेरच्या अंगाला एलईडीच्या मध्यापासून १० मिमी येते, पण एलईडीचं भोक भिंतीला अगदी चिकटून आहे. ३ मिमीच्या एलईडीचा मध्य भिंतीपासून जेमतेम दीड मिमीवर येतो, त्यामुळे प्रकाश आडव्या दिशेच्या ८-९ अंश मागेच तुटतो. तिथून मागचा पांढरा दिवा सुरू होईपर्यंत दोन्ही बाजूंना चौदा-एक अंशांची आंधळी फट राहते. उपाय सोपा आहे: ३ मिमी ड्रिलने नवं भोक पाडा, त्याचा मध्य भिंतीपासून ४ मिमी पुढे ठेवा आणि जुनं भोक बुजवा. तपासायची रीत: खोली अंधारी करा, दिव्यापासून सरळ आडवं ५०० मिमी मोजा, तिथून मागे २०७ मिमीवर खूण करा. खुणेवर डोळा नेला की दिवा नुकताच झाकला गेला पाहिजे. बाणाच्या रेषेवर समोर आलात की दोन्ही दिसले पाहिजेत आणि रेषा ओलांडून पलीकडे गेलात की पलीकडचा रंग विझला पाहिजे. तो विझत नसेल तर भिंती उजव्या-डाव्या अदलाबदल होऊन लागल्यात. दोन्ही भिंती अगदी सारख्या दिसतात आणि त्यांवर नंबर नाहीत, म्हणून पाटीतून काढतानाच पेन्सिलीने ‘पो’ आणि ‘स्टा’ लिहून ठेवा.

दुसरी अडचण विजेची. दोन सेलच्या ३ व्होल्टवर लाल, हिरवा आणि पांढरा असे तिन्ही एलईडी रेझिस्टरशिवाय, म्हणजे करंट आवरणाऱ्या भागाशिवाय, एकत्र जोडायला सांगितलंय. लाल एलईडी २ व्होल्टच्या आसपास पेटतो, हिरवा आणि पांढरा ३ च्या आसपास. परिणाम असा की लाल सगळा करंट ओढतो, हिरवा मिणमिणतो आणि सेल जरा उतरले की बंदच पडतो. आणि मग मुलं म्हणतात ‘हिरवा खराब आलाय’. खराब काही नसतं. तीन सेलचा डबा घ्या, म्हणजे ४.५ व्होल्ट. लालला १८० ओहम, हिरवा आणि पांढरा यांना प्रत्येकी १०० ओहम, प्रत्येकाला स्वतंत्र. तिन्हींत साधारण १४ मिलिअँपिअर जातात आणि उजेड सारखा पडतो. रविवार कारंजाकडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत हे सगळं शंभराच्या आत मिळतं. शिवाय एलईडी पारदर्शक टोकाचे दिलेत, त्यांचा झोत अरुंद असतो. टोक ४०० च्या पेपरने घासून दुधाळ केलं की प्रकाश बाजूला पसरतो. हे न करता कोन तपासायला बसू नका, आकडे जुळणार नाहीत.

पाण्यात तरंगवून पाहायचं ते टबात. गंगापूर धरणावर किंवा गोदावरीत नेऊ नका, ४८० मिमीची होडी झुळकेनेही परत येत नाही. नाळेला आणि ट्रान्समला बुडाव मोजायच्या पट्ट्यांची लेबलं दिलीत. बुडाव कण्याच्या तळापासून वर मोजतात आणि काठापासून पाण्यापर्यंत खाली मोजलं तर ते फ्रीबोर्ड. ही दोन मापं पुस्तिकेत नीट दाखवलीत. मागचा आकडा पुढच्यापेक्षा जास्त आला तर ‘ट्रिम बाय द स्टर्न’, म्हणजे होडी मागून जास्त बुडालेली. वजन १ नंबरच्या बैठकीकडे सरकवा आणि दोन्ही आकडे कसे हलतात ते पाहा. हा प्रयोग संचातला सर्वांत साधा आणि सर्वांत शिकवून जाणारा.

ग्लायडरकडे वळल्यावर सूर बदलतो, कारण विमानात पोर्ट-स्टारबोर्ड फारसं कुणी म्हणत नाही. ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, विमानं बनवणारी सरकारी कंपनी), जिथे मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत विमानं बनली, आणि तिच्यासाठी काम करणाऱ्या इथल्या वर्कशॉपमध्येही, शब्द एलएच आणि आरएच, म्हणजे लेफ्ट हँड आणि राइट हँड. लेबलांवर मात्र ‘पोर्ट पंख’ छापलंय. चुकीचं नाही, पण कारखान्यात ते घेऊन गेलात तर समोरचा एक क्षण थांबेल. मोजायची पद्धत मात्र विमानाने जहाजबांधणीकडूनच घेतलीय, आणि ती संचात उत्तम दाखवलीय. पुढून मागे मोजतात ते स्टेशन. मध्यरेषेपासून डावीकडे-उजवीकडे मोजतात ती बटक लाइन, डाव्या बाजूची एलबीएल आणि उजव्या बाजूची आरबीएल. उंची ती वॉटर लाइन, विमानाचा पाण्याशी संबंध नसतानाही. तीन आकडे सांगितले की विमानातला कुठलाही रिव्हेट सापडतो.

स्टेशनचा शून्य कुठे धरायचा हे बनवणारा ठरवतो. काही विमानांत तो नाकाच्याही पुढे हवेत असतो, म्हणजे सगळे आकडे धन येतात. सेसना १७२ मध्ये तो इंजिनामागच्या फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या, पुढच्या अंगावर आहे, म्हणून इंजिनाचे आकडे उणे येतात. या ग्लायडरने सेसनाचीच रीत घेतलीय: शून्य फायरवॉलच्या फ्रेमवर, नाकाचं टोक उणे ६०. मुलांना उणे आकड्याची भीती वाटते म्हणून सोपं करायचा मोह होतो, तो इथे टाळलाय. बरं केलं.

पण मग पान १५. मजकुरात ‘गुरुत्वमध्य ८५ मिमी’ असं लिहिलंय आणि शेजारच्या चित्रात ३० मिमी. दोन्ही बरोबर आहेत! ८५ हे स्टेशन आहे, शून्यापासून मोजलेलं; ३० हे पंखाच्या पुढच्या कडेपासून, जी स्टेशन ५५ वर येते. कुठून मोजायचं हे दोन्हीकडे लिहिलेलं नाही. पंखाची रुंदी ११२ मिमी आहे. कुणी पुढच्या कडेपासून ८५ मोजून तिथे तोल साधला तर तो पंखाच्या तीन चतुर्थांशावर जातो आणि ग्लायडर हातातून सुटताच शेपटीवर बसून कोसळतो. बरोबर जागा २७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३० मिमीच.

तोल साधायचा हिशोब पुस्तिकेत नाही, तो असा. वॉर्निश करून ग्लायडर साधारण १४० ग्रॅम भरतो. बोटांवर तोलल्यावर गुरुत्वमध्य समजा स्टेशन ९७ वर आला, म्हणजे १२ मिमी मागे. १४० गुणिले १२, १,६८०. नाकात शिसं स्टेशन उणे ६० ला बसणार, ते ८५ पासून १४५ मिमी पुढे. १,६८० भागिले १४५, साधारण ११.६ ग्रॅम. मासेमारीच्या गळाची शिशाची गोळी किंवा नटबोल्ट काट्यावर मोजून बसवा. वजन नाकाजवळ जितकं पुढे तितकं कमी लागतं. कॉकपिटच्या खाली चिकटवलंत तर दुप्पट-तिप्पट घालावं लागेल.

पंखांची चूक सगळ्यात मासलेवाईक आहे, कारण ती ड्रॉइंग करणाऱ्याची खास चूक आहे. डाव्या पंखावर एलेरॉन आणि फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, यांच्या रेषा वरच्या अंगाला कोरल्यात. उजवा पंख करताना आरसा घ्यायचा सोडून नुसती नक्कल मारलीय. परिणामी खोक्यात दोन डावे पंख येतात. एक उलटा करून उजवीकडे लावावा लागतो आणि त्याच्या रेषा खालच्या अंगाला जातात. बाहेरची कड बरोबर जुळते म्हणून लगेच लक्षातही येत नाही. उपाय: रेषांच्या टोकांवर टाचणीने आरपार भोकं पाडा, उलट्या बाजूला पट्टीने ती जोडा, आणि जुन्या रेषा पेपरने घासून टाका. बाल्सा मऊ असतो, दोन मिनिटांचं काम.

अंबडच्या शॉपमध्ये काम केलेल्यांना हे वाचून हसू येणार नाही. विमानाच्या पार्टच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात ‘एलएच शोन, आरएच ऑपोझिट’ एवढीच ओळ असते: चित्र डाव्याचं, उजवा त्याचा आरसा. ती ओळ नजरेतून सुटली की उजव्याच्या नंबरवर अख्खा लॉट डावा निघतो, आणि तो घासूनपुसून उजवा होत नाही. बऱ्याच कंपन्यांत पार्ट नंबरचा शेवटचा आकडा विषम असेल तर डावा, सम असेल तर उजवा, अशी खूण असते. मजा अशी की अमेरिकी नौदलाच्या जहाजांत खोल्यांचे नंबर नेमके उलट: विषम स्टारबोर्डला, सम पोर्टला. पुस्तिकेला पुढची आवृत्ती निघालीच तर पान १८ वरचं विमानाच्या इतिहासाचं भरताड काढून हे छापावं.

पंख जोडताना वर उचललेला कोन, डायहेड्रल, प्रत्येक बाजूला ५ अंश आहे. एक पंख टेबलावर सपाट दाबून धरा आणि दुसऱ्याचं टोक टेबलापासून ६२ मिमी वर येईल असा ठोकळा लावा. प्लायची जी व्ही आकाराची पट्टी दिलीय तिच्यावर एकट्या विसंबू नका, खाच अर्धा मिमी सैल असली तरी टोकाला मोठा फरक पडतो.

लेबलांपैकी धडाजवळचं ते इनबोर्ड आणि टोकाकडचं ते आउटबोर्ड, पुढची कड लीडिंग एज, मागची ट्रेलिंग एज, ही चारही जागच्या जागी आहेत. इंजिनांचे नंबर डावीकडून उजवीकडे मोजतात, वैमानिकाच्या बाजूने, हेही चौकटीत दिलंय. शेपटीच्या आडव्या पंखाला हॉरिझाँटल स्टॅबिलायझर म्हटलंय, पण सुखोई-३० ला मुख्य पंखाच्या पुढे जो छोटा पंख असतो, कॅनार्ड, त्याचा उल्लेख नाही. ओझरची विमानं डोक्यावरून जाणाऱ्या गावात ही उणीव मुलांच्या लगेच लक्षात येते.

विमानाचे दिवे जहाजासारखेच, डावा लाल आणि उजवा हिरवा, पण कोन वेगळे: प्रत्येकी ११० अंश आणि शेपटीचा पांढरा १४०. पुस्तिकेने जहाजाचेच आकडे इथे चिकटवलेत. वायर स्टँडमधून येते, उडवण्याआधी प्लग काढा.

उडवायचं ते गोल्फ क्लब मैदानासारख्या मोकळ्या जागी, सकाळी वारा पडलेला असताना. जोर न लावता, नाक किंचित खाली ठेवून सरळ सोडा. नाक उचलून थबकत असेल तर एक-दोन ग्रॅम शिसं वाढवा. डावीकडे वळत असेल तर सुकाणूच्या पात्याची मागची कड उजवीकडे २ मिमी वाकवा. होडीच्या दांड्याची सवय हाताला लागलेली असेल तर इथे उलट होतं, कारण आता हात थेट पात्यावर आहे. एलेरॉन चिकटपट्टीच्या बिजागरीवर हलते ठेवता येतात. डावीकडे कलवायचं तर डावा वर, उजवा खाली.

रंगकामाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. स्प्रे पातळ मारा, बस्स.

घेताना दुकानातच बाल्साची पाटी काढून पाहा. दोन्ही पंखांच्या रेषा वरच्या अंगाला असतील आणि एकमेकांच्या आरशात दिसत असतील तर सुधारलेला लॉट आहे, बिनधास्त घ्या. तसं नसेल तर पंख दुरुस्त करायची तयारी ठेवा किंवा बदली पाटी मागा. फुटके-तुटके भाग बदलून देऊ असं खोक्यावर छापलंय, आणि दोन डावे पंख त्यातच मोडतात. बारा वर्षांखालच्या मुलांच्या एकट्याच्या हाती देऊ नये, कटर आणि अॅराल्डाइट दोन्ही लागतात. एका वर्गासाठी घ्यायचे असतील तर पाच-सहा मुलांमागे एक संच पुरतो, पण रेझिस्टर आणि तीन सेलचे डबे आधीच आणून ठेवा, नाहीतर तास हिरवा दिवा का लागत नाही यातच जाईल.